सुरक्षा समितीचं हळदीकुंकू

अठरा जानेवारी, शनिवार. सकाळची शाळा सुटल्यापासून मी शिक्षकखोलीत बसून चाळण्या बांधत होते. पिवळी प्लॅस्टिकची पीठचाळणी, तिच्यात तिळगुळाची पुडी, वरून जिलेटिनचा कागद आणि लाल दोऱ्याची गाठ. दोरा जास्त ओढला की कागद फाटतो, सैल सोडला की पुडी घरंगळते. एवढं सांभाळलं की झालं. वाण म्हणून चाळणी चांगली. रोज वापरली जाते, माळ्यावर धूळ खात पडत नाही.

हे हळदीकुंकू कुणाच्या घरचं नव्हतं. ती आमच्या शाळेच्या सुरक्षा समितीची बैठक होती.

आमची शाळा शहराच्या पूर्व कडेला, मांजरीकडच्या बाजूला आहे. गाव महापालिकेत आलं तशी शाळाही आली. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला उंच इमारती, मध्ये आम्ही. मी पेठेतून येते, हडपसरला बस बदलून. सहावीची वर्गशिक्षिका आहे, गणित शिकवते.

कुठल्यातरी शाळेत नको ते घडतं, वर्तमानपत्रांत चार दिवस आरडाओरडा होतो आणि मग आमच्याकडे आदेश येतो. मुलांच्या संरक्षणाचा कायदा जुनाच आहे, आदेश तेवढे नवे असतात. या खेपेच्या आदेशात बरंच काही होतं. शाळेत कॅमेरे हवेत. सुरक्षा समिती हवी, तिच्यात आयांना घ्यायला हवं आणि ती नेमानं भरायला हवी. मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीच्या चालकाची पोलिसांकडून पडताळणी हवी. गाडीत मुली असतील तर बरोबर एक मदतनीस बाई हवी. यातलं एकही कलम चुकीचं नाही, मी नीट वाचलंय. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की खर्च शाळेनं उपलब्ध निधीतून करावा. आमच्याकडे उपलब्ध निधीतून खडू येतात, आणि एखाद्या वर्षी संडासाच्या दाराला कडी.

कॅमेरा एक आला. तो मोठ्या बाईंच्या दारावर लागला, कारण वायर तिथपर्यंतच पुरली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मदतनीस बाईवर मात्र घोडं अडलं. तिचा पगार कुणी द्यायचा? शाळा म्हणाली, व्हॅन शाळेची नाही. व्हॅनचा मालक म्हणाला, पालकांनी वाढवून द्यावेत. पालक म्हणाले, वाढवून द्यायची ऐपत असती तर या शाळेत कशाला घातलं असतं. शेवटी समितीच्या नावानं ठराव झाला : निधी उपलब्ध झाल्यावर मदतनीस नेमण्यात यावी. ठराव मंजूर, आणि गाडी होती तशीच सुरू.

राहिलं समिती भरवणं. बैठकीची चिठ्ठी मुलांच्या हाती पाठवली की मुलं तिचं विमान करतात. आधी दोनदा बैठक बोलावली होती. दोन्ही वेळा हजर कोण, तर मोठ्या बाई, मी आणि पाण्याचा जग. वर, शिक्षण विभागाला, फोटो पाठवावे लागतात, जागा आणि वेळ उमटणारे. मोकळ्या सतरंजीचा फोटो काय पाठवणार?

तोडगा काढला तो वहिनींनी. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणतं. त्या समितीच्या अध्यक्ष, गावातल्या मोठ्या घरच्या सून. शाळेची जागा त्यांच्या सासऱ्यांनी दिलेली आहे, आणि व्हॅनचा धंदा त्यांच्या दिराचा आहे. बाई हौशी आहेत, हाताला सढळ आहेत.

"मीटिंग म्हणलं की आमच्याकडच्या बायका येत न्हाईत," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवा. बघा कशा येत्यात. वाण माझ्याकडनं."

ज्या शाळेत निधी नव्हता तिथे दुसऱ्या दिवशी चाळण्यांचं पोतं येऊन पडलं.

अशा कार्यक्रमात माझं काम ठरलेलं असतं. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकू म्हटलं की कुणीतरी गोड आवाजात म्हणतं, "बाई, फोटो तुम्ही काढा ना, तुमचा हात स्थिर आहे." माझा हात चारचौघींसारखाच आहे. पण त्यामुळे कुणाला काही बोलावं लागत नाही आणि मला कुणासमोर कपाळ घेऊन उभं राहावं लागत नाही. सोय आहे. सोयीला माझा विरोध नसतो.

दुपारी फाटकाच्या आतच एक बाक टाकून त्यावर चादर घातली. नव्या लागलेल्या दोन शिक्षिका ताट घेऊन उभ्या राहिल्या. येईल तिला तिथेच हळदीकुंकू, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, मग आत सतरंजीवर. व्यवस्था चोख होती. बायका खरंच आल्या. जावाजावा आल्या, शेजारणींना घेऊन आल्या, सासवांना घेऊन आल्या.

"काय गं, मीटिंगला कधी तोंड दाखवलं न्हाईस ते?"

"मीटिंगला चाळणी देत्यात व्हय?"

"तुला चाळणी कशाला? तुझ्या पोटात काय ऱ्हातंय का? समदं गळतंय."

त्यांचं हसणं रस्त्यापर्यंत जात होतं. मी फोटो काढत होते.

तेवढ्यात फाटकाबाहेर एक बाई येऊन थांबली. निळी साडी, घडीच्या रेषा अजून तशाच. कपाळावर बारीक काळी टिकली. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा होता. नव्या शिक्षिकेनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून उत्साहानं हात पुढे केला.

"या ना ताई, अशा बाहेर का?"

बाई एक पाऊल मागे सरली. "आज मीटिंग हाय ना?"

"हीच मीटिंग! या की, लावून घ्या आणि बसा."

बाईनं ताटाकडे पाहिलं, आत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "नंतर येते," आणि वळून चालू लागली.

"लाजली वाटतं," नवी शिक्षिका म्हणाली आणि बोटावरचं कुंकू पुढच्या बाईला लावलं.

ती लाजलेली नव्हती. ते मागे सरकणं मला ओळखू येतं, मी ते बरीच वर्षं केलंय. मी तिच्या मागे जाणार होते, पण आतून वहिनींची हाक आली, "बाई, ग्रुप फोटो!" आणि मी आत गेले.

बैठक व्हायची तशी झाली. मोठ्या बाईंनी आदेश वाचून दाखवला. बायका चाळण्यांवरचे कागद वाजवत होत्या. मग वहिनींनी विचारलं, "पोरींच्या सुरक्षेची कुणाची काय तक्रार हाय का?"

"न्हाई!" असा एकसुरी गजर झाला, वर्गात 'समजलं का' विचारल्यावर होतो तसाच. त्यानंतर उखाणे सुरू झाले आणि उरलेला वेळ त्यांतच गेला. मोठ्या बाईंनी इतिवृत्तात लिहिलं : तक्रारी निरंक. फोटो वर गेले. बसमध्ये चढण्याआधीच वरून उत्तर आलं, उपक्रम उत्तम, इतर शाळांनी अनुकरण करावं.

पण बसमध्ये मी लगेच चढले नाही. चादर घडी करताना तो चेहरा मला आठवला. माझ्याच वर्गातल्या मुलीची आई. जूनमध्ये प्रवेशाला आली होती. मुलगी आठवडाभर गैरहजर होती, मैत्रिणी म्हणत होत्या ताप आहे.

मोठ्या बाई कुलूप लावत होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "ती का? आली होती ना सोमवारी माझ्याकडे. व्हॅनचं जरा बोलायचंय म्हणाली. मी म्हटलं, त्यासाठीच समिती आहे, शनिवारच्या बैठकीत मांडा. आली कुठे पण?"

"आली होती. फाटकातून परत गेली."

"का?"

"तिचा नवरा नाही. दारातच ताट होतं."

मोठ्या बाईंनी किल्ली फिरवली. "अहो, कुणी तिला अडवलं का? बाजूनं आत यायचं."

"बाजू ठेवली होती का?"

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. मी पत्ता पाहून घेतला आणि निघाले.

नव्या इमारतींच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. दार मुलीनंच उघडलं. मला बघून ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. एरवी फळ्यावर गणित सोडवायला हात वर करणारी पोरगी. निळी साडी दोरीवर वाळत नव्हती, घडी घालून परत पिशवीत गेली होती. आईनं मला पाणी दिलं.

"मघाशी परत का गेलात?" मी विचारलं. मला आडवळण जमत नाही.

"तुमी फोटू काढत व्हता. तुमाला दिसलं न्हाई?"

"दिसलं."

"मग इचारता कशाला?"

बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, "मलाही लावत नाहीत. म्हणून तर फोटो माझ्याकडे."

तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. "तुमी शिकलेल्या. तुमाला फोटूचं तरी काम देत्यात."

मग तिनं मुलीला कळशी देऊन नळावर पाठवलं आणि बोलली. ती जे बोलली ते सगळं मी इथे लिहिणार नाही. एवढंच की चालक मुलीला रोज पुढच्या सीटवर शेजारी बसवायचा आणि सगळ्यांत शेवटी सोडायचा. मुलगी आधी पोट दुखतं म्हणायला लागली. मग डबा तसाच परत आणायला लागली. एक दिवस व्हॅनमध्ये बसलीच नाही, एकटी उसातून चालत घरी आली. तेव्हा आईनं खोदून विचारलं.

"मोठ्या बाईंना हे सांगितलं नाहीत?"

"दारात उभं ठिवून ऐकतं का कुणी असलं? म्हणल्या मीटिंगला या. मी म्हणलं बरं झालं. एकलीनं सांगितलं की दाबत्यात. समद्या बायांपुढं बोलले असते तर वहिनींना पन न्हाई म्हणता आलं नसतं. कामावर खाडा केला. साडी नेसले. आन् बघते तर दारात ताट."

"आता?"

"उद्या तिचा मामा येतोय. गावाकडं न्यायला."

"तिकडे शाळा कुठवर आहे?"

"चौथीपतूर."

"ती सहावीत आहे."

"मला ठावं हाय ती कितवीत हाय," ती म्हणाली. "आजीपाशी ऱ्हाईल. पुढचं पुढं."

पुढचं पुढं म्हणजे काय, ते दोघींना कळत होतं. गणितात बरी असलेली मुलगी दोन-तीन वर्षं चुलीपुढे बसली की तिच्यासाठी स्थळ येतं.

मी तिला सांगितलं की हे ऐकल्यावर मला पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा तसा आहे. तिनं नको म्हटलं तरी मला थांबता येत नाही.

ती ताडकन उठली. "मग ऐकलंत कशाला?"

तिनं दार लोटून घेतलं.

"ही खोली कुणाची हाय? वहिनींच्या घरची. बिल्डिंगीत मला कामाला कुणी लावलं? त्यांनीच. उद्या तुमी बसनं तुमच्या घरला जाल. मी कुठं जाऊ?"

"पण आज तुम्ही बोलणारच होतात ना?"

"बायांपुढं बोलणार व्हते, पोलिसांपुढं न्हाई. गाडीत एक बाई बसवा, एवढंच म्हणणार व्हते. एक बाई बसली असती तर पोर शाळंत ऱ्हायली असती. मला दुसरं काय बी नको व्हतं."

त्या मदतनीस बाईचा ठराव झाला तेव्हा मी तिथेच बसले होते. निधी उपलब्ध झाल्यावर. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

मुलगी भरलेली कळशी घेऊन आली आणि आईनं ती उतरवून घेतली. मी उठले. "मी उद्या सकाळी चौकीत जाणार आहे. जाताना इथे येते. तुम्हाला यायचं असेल तर चला."

"येऊ नका," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर मोठ्या बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, "सोमवारपर्यंत थांबता येईल का? निरंक म्हणून वर गेलंय हो."

"सोमवारी मुलगी इथे नसेल."

"वहिनींच्या कानावर घालून पाहिलं तर? त्या घरातल्या घरात मिटवतील. चालक बदलतील."

"आणि हा चालक? दुसऱ्या शाळेची व्हॅन चालवेल."

"मला तुमच्याबरोबर येता येणार नाही बाई."

"मी बोलावलं नाही. पण कळवायची जबाबदारी कायद्यानं तुमचीही आहे. ती बाई तुमच्याकडे आधी आली होती. तेवढं सांगायला फोन केला."

त्यांनी फोन ठेवला. मी भाकरी केली, जेवले आणि झोपले. झोप लागली. उगाच नाही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या बसनं गेले. खोलीचं दार उघडं होतं. मामा येऊन बसला होता, बशीतून चहा पीत होता. मुलीनं दप्तरात कपडे भरले होते. पुस्तकं बाहेर काढून भिंतीशी रचून ठेवली होती, विषयवार. गणिताचं सगळ्यांत वर.

"सांगितलं व्हतं येऊ नका म्हणून," आई म्हणाली.

"मी चौकीत चालले आहे. येता का?"

"यष्टी चुकंल. लोणीच्या फाट्यावर जायचंय."

मामानं बशी खाली ठेवली. "बाई, झालं ते झालं. पोरीच्या जातीचं हाय. बभ्रा नको."

त्याच्याशी वाद घालायला मी आले नव्हते. रिक्षा आली. मुलगी दप्तर पाठीला लावून बाहेर आली आणि माझ्यासमोर थांबली.

"बाई, लई दिवस आले न्हाई तर पटावरनं नाव काढत्यात ना?"

"काढतात."

"माझं काढणार?"

"हजेरी माझ्याकडे आहे तोवर नाही."

तिनं मान हलवली, गणिताचं उत्तर पटल्यावर हलवते तशी, आणि रिक्षात मामाशेजारी बसली. आई कुलूप लावत होती. मी तिला म्हटलं की चौकी चौकातच आहे, देवळाच्या अलीकडे. ती माझ्याकडे न बघता रिक्षात बसली. रिक्षा हायवेच्या दिशेनं गेली. मी उलट दिशेला निघाले.

चौकीत एकच हवालदार होता. तक्रार द्यायचीय म्हटलं, आणि कशाबद्दल तेही सांगितलं. गाडी कुणाची ते ऐकल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मुलीच्या कोण?"

"वर्गशिक्षिका."

"आई कुठंय?"

"मुलीला एसटीत बसवायला गेलीय."

"मग आईला घेऊन या. आणि असल्या केसला बाई अधिकारी लागतात. त्या आज यायच्या का न्हाई, नक्की नाही. उद्या या, मॅडम."

"मला जे कळलं ते मी सांगायला आले आहे. त्याला आई लागत नाही. बाई अधिकाऱ्यांना फोन करा, मी थांबते."

"लई वेळ जाईल."

"जाऊ दे. आज सुट्टी आहे."

त्यानं फोन उचलला. भिंतीशी एक लाकडी बाक होता, दारासमोर. तिथून रस्ता दिसत होता. मी बाकाच्या एका टोकाला बसले आणि पिशवी शेजारी ठेवून आणखी एकीची जागा धरली.